आवळीच्या सड्यावरच्या नऊ चुली

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी चिरेखोल गाव नकाशावरून नाहीसं झालं.

पुण्याच्या नियोजन कक्षात रसिका घाडीगांवकरने सकाळी संगणकाचा पडदा सुरू केला, तेव्हा कोकणपट्टीवर गावांचे केशरी डाग नेहमीसारखे पसरले होते. फक्त खाडीच्या वळणावर, जिथे तिचं गाव असायचं, तिथे राख सांडल्यासारखं करडं होतं. आणि तिथून वर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, जिथे कधीच काही नसायचं, तिथे एक ठिपका लालबुंद पेटला होता.

ती आधी दचकली, मग स्वतःशीच हसली. "गेली वाटतं मंडळी."

"कोण गेलं?" भोयर सरांनी मान वर केली. ते कक्षाचे प्रमुख, चंद्रपूरकडच्या जंगलपट्ट्यातले.

"माझं गाव, सर. गावपळण आहे."

मग तिने त्यांना सांगितलं. दर तीन वर्षांनी रवळनाथाचा कौल होतो आणि अख्खं चिरेखोल दारं ओढून बाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. शीव ओलांडून आवळीच्या सड्यावर जायचं, झावळ्यांचे झाप घालायचे आणि तीन रात्री तिथे राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं. तिथे कोणी दिवा लावत नाही, केर काढत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन घरी परतायचं.

"मग तुमच्यावाल्या देवाला दुसरा मुहूर्त नव्हता का हो मॅडम?" भोयर सर म्हणाले. "नेमकं हिवाळी मोजणीत पळवून राहिला तो गावाला!"

दोघंही हसले. ते हसू बुधवारपर्यंत टिकलं.

त्यांच्या यंत्रणेचं नाव 'समदृष्टी'. पूर्वी दवाखाना, शाळा, रस्ता कुठे व्हायचा ते ज्याचा आवाज मोठा त्याच्या इच्छेने ठरे. मग फोनवरून नि विजेच्या मीटरवरून माणसं मोजू लागले. पण ज्यांच्याकडे फोन आणि मीटर, तीच मोजली जात. ज्याच्याजवळ आहे त्यालाच आणखी मिळे. शहरं फुगत गेली, आणि आडवाटेची गावं सुकत गेली. समदृष्टीने निराळी वाट धरली. जिवंत माणूस ऊब टाकतो, जुन्या शंभर वॅटच्या दिव्याएवढी. त्यात गुरांची ऊब, चुलीची ऊब. सूर्योदयाच्या आधी जमीन सर्वांत गार असते, त्या वेळी उपग्रह ही ऊब टिपतात. ऊब लबाडी करत नाही, ती गरिबाचीही तेवढीच असते. वर्षातून दोनदा, सलग तीन पहाटे मोजायचं, आणि त्यावरून सोयी कुठे हव्यात ते ठरवायचं. नियम एकच: सर्वांत लांबच्या माणसाला कमीत कमी चालावं लागलं पाहिजे.

सोयीही आता भिंतींच्या राहिल्या नव्हत्या. आरोग्य केंद्र म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पोलादी खोल्या. वस्ती हलली की अवजड ड्रोन त्या उचलून नव्या जागी ठेवत.

बुधवारी तिसरी पहाट मोजून झाली आणि दुपारी आदेश उमटला. चिरेखोल रिक्त. आरोग्य केंद्र आवळीच्या सड्यावर हलवावं.

रसिकाने आदेश दोनदा वाचला. त्या केंद्रात डायलिसिसचं एक यंत्र होतं, आणि त्या यंत्रावर तिची काकी जगत होती. आईबाप नोकरीसाठी मुंबईला राहिले म्हणून रसिका काकीच्या पदराखाली वाढली. काकीची दोन्ही मूत्रपिंडं थकून आता दोन वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा ती घरून काठी टेकत केंद्रात जाई. गावपळणीला पोरांनी पाठुंगळी नेलं असेल, पण दर खेपेला सड्याची चढण तिच्याने या जन्मी होणार नव्हती.

"घाबरू नका," भोयर सर म्हणाले. "हरकत घ्यायची सोय आहे. सड्यावर कायम वस्ती नाही, तो तात्पुरता जमाव होता, एवढं गावाच्या मानकऱ्यानं शपथेवर सांगायचं. जिल्हा तुमच्याकडे आहे, तेव्हा खाली सही तुमची. यंत्र ते वाचन पुसून टाकते आणि ती जागा दहा वर्षं रिक्त म्हणून बंद करते."

"दहा वर्षं?"

"अहो, लोकं ट्रकनं माणसं आणून तंबू ठोकत होते ना, मोजणी फुगवायला. त्यांच्यासाठी केलेला नियम आहे तो."

काम सोपं होतं. सही करण्याआधी जुनी चित्रं पाहायची, एवढीच रीत. रसिकाने ती उघडली.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते थोडं थोडं सोडतो. त्यामुळे यंत्राला तिथे नेहमीच बारीक उबदार ठिपके दिसत आणि ते दगड म्हणून सोडून देण्याची त्याला शिकवण होती. पण आता तीन पहाटे तिथे शेकडो चुली पेटल्या होत्या. दगड पहाटेकडे थंडावत जातो, चूल पहाटे तापत जाते, हा फरक यंत्र त्या तीन दिवसांत शिकलं होतं. आणि शिकलेली गोष्ट कोणी न सांगताच त्याने मागच्या साऱ्या वर्षांच्या चित्रांना लावून पाहिली होती.

गावकरी नसतानाच्या चित्रांत, पावसाळ्याआधीच्या, नंतरच्या, दरवर्षीच्या, आवळीच्या झाडाच्या पूर्वेला ठिपके होते. पहाटे तापत जाणारे.

नऊ.

दुपारचा डबा तिने उघडला. रोजच्यासारखी ती उठून दाराशी गेली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "कोण उपाशी आहे का?" हा काकीचा नेम. पहिला घास घेण्याआधी दारात जाऊन विचारायचं. पुण्यात त्या हाकेला लिफ्टच्या दाराशिवाय कोणी नसे, तरी रसिकाने तो मोडला नव्हता. त्या दिवशी मात्र तिने डबा तसाच झाकून ठेवला.

*

दोन दिवसांनी ती गावात उतरली तेव्हा गाव परत आलेलं होतं. अंगणं नव्याने सारवली होती. काकी केंद्रातल्या खाटेवर होती, हातातून दोन नळ्या यंत्रात गेलेल्या.

"काय गो, सरकार इला काय आमच्याकडे?" काकी म्हणाली. "आमका वगळून टाकलास म्हणे नकाशातसून. बरां केलंस. आता घरपट्टी तरी मागूचे नाय."

"काकी, थट्टा नको गं."

"मगे रडाक सांगतस?" तिने मोकळ्या हाताने रसिकाचा हात ओढून घेतला. "ऐक, तुका एक गजाल सांगतंय. लग्न होवन इलंय तेव्हापासून दारात हाक मारतंय ना मी? इतक्या वर्षांत एकदा कुत्रो इलो आणि एकदा माझो घोव, तुझो तात्या. तिसरा कोण येवक नाय. ह्या खेपेक सड्यार झापाच्या तोंडार उभी रवलंय, म्हटलंय, कोण उपाशी आसा काय? आणि आवळीच्या मागसून आवाज इलो, 'मी हाय.'"

"कोण होतं?"

"सगुणा. झोऱ्यांची सून, धनगरवाड्यातली. पोटुशी आसा. माझ्या पानात जेवली, शेळीचा दूध देवन गेली. पयल्या खेपेक डोलीत घालून खाली आणत होते तिका. अर्ध्या घाटीत पोर गेला." काकीने हातातल्या नळ्यांकडे पाहिलं. "मी घरात हाक मारी, ती आमच्या कुंपणापर्यंत जाय. हाक मारून पुण्य लागता म्हणान जेवत होतंय मी. सड्यार कोण आसा ह्यां माका ठावक नव्हता काय? ठावक होता. लोणी घेवन येत ना ती माणसां."



दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच सडा चढली. पडताळणी डोळ्यांनी करायची असते. गावाचे झाप मोडून पडले होते, तीन दगडांच्या चुलींत गार राख होती. आवळीच्या पलीकडे गवताने शाकारलेली घरं एकमेकांना चिकटून उभी होती. तिने मोजली, आणि मोजताना मनात म्हटलं, आठच असोत. नऊ होती.

सगुणा दारात शेळी बांधत होती. पंचविशीची, उन्हाने रापलेली, पोट पुढे आलेलं. "तुम्ही दवाखान्याच्या बाई का?"

"दवाखान्याची नव्हे. मोजणीची."

"मग आमाला मोजलं?"

"अजून नाही."

सगुणा हसली. "आकाशातून मोजत्यात म्हणं. आमी वरच राहतो, तरी दिसत नाय व्हय?" मग ती पायरी झटकून म्हणाली, "बसा. खालचं म्हातारं सांगत हुतं, दवाखाना वर येणार. खरं?"

तिच्या आवाजात मागणं नव्हतं, नुसतं विचारणं होतं. रसिकाने शेळीच्या दुधाचा चहा घेतला, धुराचा वास असलेला, आणि ती घाटी उतरली. उतरताना एका वळणावर तिला काठ्या आणि घोंगडीची डोली कातळाला टेकवून ठेवलेली दिसली. कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून ती वाटेवरच ठेवत असावेत.

*

तात्या, म्हणजे विश्राम घाडीगांवकर, काकीचा नवरा आणि गावाचा मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"कागद झालो काय तयार?"

"तात्या, वर नऊ घरं आहेत."

"आसत."

"मग वस्ती नाही असं कसं लिहायचं?"

"नऊ घरां म्हणजे वस्ती काय गो?" अडकित्ता थांबला. "शेरडां घेवन फिरणारी माणसां ती. आज हंय, उद्या थंय."

"दरवर्षीच्या चित्रात आहेत ती. आणि तात्या, आपण मुंबई-पुण्याला हेच म्हणत आलो ना? की तुम्ही आम्हाला मोजत नाही, तेराशे माणसं म्हणजे तुम्हाला काहीच नाही? त्यांना आपण तेराशे दिसत नव्हतो. आपल्याला नऊ दिसत नाहीत."

"माका हिशेब शिकवू नको!" तात्या ओरडले, आणि लगेच त्यांचा आवाज खाली बसला. "तुझी काकी जायत, रसिका. दोन खेपा चुकल्या तरी ती जायत, असा डॉक्टर सांगता. तिच्या हातचा खावन वाढलंस ना गो तू?"

सुपारीचे तुकडे त्यांच्या पंच्यावर सांडले. ते उचलायला रसिका वाकली, म्हणजे त्यांना तिचा चेहरा दिसला नाही आणि तिला त्यांचा.

तिने रात्री कागद लिहिला. जसा सांगितला होता तसाच.

*

सभा सकाळी देवळात होती. तात्यांनी अंघोळ केली, सोवळं नेसले. काकीने पेज वाढली, दोघांची पानं मांडली, आणि ती उंबरठ्याशी जाऊन उभी राहिली. रसिका आतून पाहत होती. काकी नुसतीच उभी होती.

"हाक मार गो," तात्या म्हणाले. "माका उशीर होता."

काकी वळली. पानापाशी आली आणि खाली बसली, पण तिने पेजेला हात लावला नाही.

"आज मारूची नाय."

"कित्याक?"

"उत्तर कोण देत तां माका ठावक आसा. ठावक आसताना हाक कशी मारू? आणि मारल्याशिवाय मी जेवत नाय."

"अगो, उपास तुका चलत नाय!"

"माका सगळा ठावक आसा," काकी शांतपणे म्हणाली. "तुमी जेवा. तुमका काम आसा देवाचा."

तात्या जेवले नाहीत. पान तसंच ठेवून ते उठले. देवळापर्यंतच्या वाटेवर त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

सभामंडप भरला होता. भोयर सर पडद्यावरून हजर होते. तात्यांनी पायरीवर हात ठेवला आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली, तशी मंडपातली कुजबूज थांबली.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" मंडप एका आवाजात म्हणाला.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायरीशी गोळा झाली रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"गावाचो दवाखानो गावात रवांदे, आजाऱ्याक उतार पडांदे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" बायकांचेही ओठ हलले.

"आणि आवळीच्या सड्यार..."

तात्या थांबले.  मागून कोणीतरी हळूच पढवलं, "कोणाची वस्ती नाय..." तात्यांनी ते ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं.

"आवळीच्या सड्यार," तात्या म्हणाले, "नऊ घरां आसत रे म्हाराजा."

 गाऱ्हाण्याचं एक वाक्य हुंकाराशिवाय हवेत लोंबत राहिलं. असं त्या देवळात कधी झालं नव्हतं. मग मागच्या खांबापासून एक बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." माना वळल्या, तेव्हा रसिकाला कळलं की आवाज आपलाच आहे. त्यामागे एकदोन म्हाताऱ्यांचे आले, मग थोडे आणखी. सगळ्यांचे आले नाहीत. "बायकोक मारूक निघालो ह्यो," एकजण चपला घालता घालता म्हणाला. तात्यांनी ते ऐकलं.

रसिकाने रात्रीचा कागद फाडला आणि दुसरा लिहिला. जमाव तेराशेचा, तात्पुरता. वस्ती नऊ घरांची, कायम. दोन्ही खरं आहे.

"हे कोणत्या रकान्यात बसवू मी?" पडद्यावरून भोयर सर म्हणाले. "पुसा, नाहीतर ठेवा. दोनच रकाने आहेत."

"तिसरा करा, सर."

"मॅडम, एका गावासाठी—"

"तुमच्या जंगलात नसतील का असे ठिपके? शून्य लिहिण्याआधी यंत्राने एकदा थांबावं, बारीक ठिपक्यांकडे पुन्हा बघून विचारावं, कोणी आहे का, एवढंच मागते आहे."

भोयर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमच्या गावाच्या मागे एक टोला होता, पाचसहा झोपड्यांचा," शेवटी ते म्हणाले. "शाळेत जाताना लागायचा. कधी कोणत्या नकाशात पाहिला नाही बाप्पा." आणि त्यांचा पडदा बंद झाला.

तिसरा रकाना झाला. त्या उन्हाळ्यात राज्याच्या नकाशावर, डोंगरांच्या कुशीत, धरणांच्या मागे, कोळशाच्या खाणींच्या कडेला, जिथे शून्य होतं तिथे बारीक ठिपके उगवत गेले. वर्तमानपत्रांनी त्यांना नवी गावं म्हटलं. ती नवी नव्हती.

चिरेखोलचा हिशेब यंत्राने पुन्हा मांडला. गावही खरं, नऊ घरंही खरी. सर्वांत लांबच्या माणसाला कमीत कमी चाल. पोलादी खोल्या ड्रोननी उचलल्या आणि घाटीच्या मध्यावर, शिवेच्या दगडापाशी नेऊन ठेवल्या. तिथेच चैत्रात सगुणाला मुलगी झाली. डोली अर्ध्याच वाटेला लागली.

काकीलाही डोलीच लागली. गावातले चौघे अर्ध्या चढणीपर्यंत नेत, तिथून शिवेपर्यंत झोरे मंडळी घेत. "आधी हे माका लोणी आणून देत, आता माकाच लोण्यासारखी उचलतत," ती म्हणे. पावसाळ्यात घाटीला लोंढे आले. रस्त्याचं काम मंजूर होतं, झालेलं नव्हतं. काही खेपा चुकल्या. आश्विनात काकी गेली. वाटेमुळे गेली की तिचे दिवस भरले होते, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, आणि मोजणारं यंत्र रसिकाला ठाऊक नव्हतं. बाराव्याला तात्या तिला एवढंच म्हणाले, "बरोबर केलंस तू." नंतर दोन वर्षं ते तिच्याशी फारसं बोलले नाहीत. फोन केला की पाऊसपाणी सांगत आणि ठेवून देत.

*

पुढच्या गावपळणीला रसिका रजा काढून आली. मोजणीचेच दिवस होते. आता यंत्राला ही प्रथा कळत होती. आवळीजवळ तात्यांनी स्वतःच्या हाताने झाप घातला. तिने मदत करू का विचारलं, तेव्हा त्यांनी न बोलता दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं.

दुपारी चूल पेटली. पेज झाली. रसिकाने दोन पानं मांडली आणि सवयीने ती उठणार, तोच तात्या काठी टेकत उठले. झापाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.  त्यांनी घसा खाकरला.

"कोण उपाशी आसा काय?"

कातळावरून वारा आला. तात्या थांबले. काकीही कधी इतकी थांबत नसे. रसिकाने पानावर हात धरून ठेवला.

आवळीच्या पलीकडून सगुणाचा आवाज आला.

"आज कुणी उपाशी नाय, तात्या! भाकरी झाल्यात. तुम्हीच या इकडं, दोघंबी."

तात्या तसेच उभे राहिले. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी तोंड पुसलं, मागे वळून रसिकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पेज झाकून ठेव गो. हाक इली."

दोघं कातळावरून नऊ घरांकडे निघाली. तात्या पुढे, काठी टेकत. आणि रसिका त्यांच्या मागे, सावकाश.